धोंडजी वाघावरची १८०० ची मोहीम : मनोळीची मलप्रभा पटावर कशी आणावी?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

बेळगावात दिवाळी आली की गल्लोगल्ली माती कालवली जाते, भिजवलेली पोती दगडांवर टाकून किल्ला उभा राहतो, मोहरी पेरली जाते आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर बसतात. मिनिएचर सैनिकांनी इतिहासातली मोहीम मांडण्याच्या छंदाकडे मी त्याच अंगणातून आलो. फरक इतकाच की आता किल्ल्याच्या जागी सहा फूट बाय चार फुटांचे टेबल आहे, हातात मोजपट्टी आणि फासे आहेत, आणि सैनिक नुसते मांडून थांबायचे नसून त्यांना हलवायचे आहे.

आम्ही चौघांनी यंदा जी मोहीम हाती घेतली आहे तिची बरीचशी वाटचाल आपल्याच तालुक्यांतून झाली, तरी तिची माहिती असलेली माणसे मला फार भेटलेली नाहीत. म्हणून आधी थोडक्यात हकिकत सांगतो.

धोंडजी वाघ हा मूळचा चन्नगिरीकडचा मराठा. हैदर आणि टिपू यांच्या चाकरीत तो होता, पुढे टिपूनेच त्याला श्रीरंगपट्टणात कैदेत टाकले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, त्या धामधुमीत तो सुटला आणि मोडलेल्या सैन्यातले बेकार स्वार गोळा करत उत्तरेकडे सरकला. स्वतःला त्याने ‘उभयलोकाधीश्वर’ असा किताब घेतला होता. ३० जून १८०० रोजी कित्तूरजवळ त्याने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना गाठून ठार केले. गोखल्यांच्या रक्तात मिशा बुडवण्याची त्याची प्रतिज्ञा होती असे सांगतात. याच धोंडोपंतांचे पुतणे बापू गोखले त्यानंतर इंग्रजांच्या बरोबरीने धोंडजीच्या मागावर राहिले. पुढे १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत इंग्रजांशीच लढताना पडलेले सेनापती ते हेच.

धोंडजीवर आलेल्या इंग्रजी फौजेचा प्रमुख होता कर्नल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. जूनच्या अखेरीस तुंगभद्रा उतरून त्याने राणीबेन्नूर घेतले, १४ जुलैला कुंदगोळ आणि २६ जुलैला डंबळ काबीज केले. ३० जुलैला दुपारी तीन वाजता मनोळीसमोर मलप्रभेच्या काठावर असलेल्या धोंडजीच्या तळावर त्याचे घोडदळ तुटून पडले. शेवटची लढाई १० सप्टेंबर १८०० रोजी रायचूरकडच्या कोनगल येथे झाली आणि तीत धोंडजी मारला गेला. वेलस्लीपाशी त्या दिवशी घोडदळाच्या चारच रेजिमेंटी होत्या. समोरच्या सुमारे पाच हजार स्वारांवर त्या त्याने एकाच रांगेत सोडल्या, कारण मागे राखीव ठेवायला त्याच्याजवळ काही नव्हते.

ही मोहीम पटावर मांडायची म्हटली की बहुतेकांची बोटे कोनगलकडे जातात. मोकळे मैदान, एक रांग आणि एक धडक असल्यामुळे ती लढाई मांडायला सोपी आहे. माझे मत मात्र असे झाले आहे की या मोहिमेचा जीव मनोळीत आहे आणि मनोळीची लढाई वेलस्ली किंवा धोंडजी यांच्याइतकीच मलप्रभेने लढवली. नदी ज्या पटावर नुसती निळी पट्टी म्हणून पडून राहते, त्या पटावर ही मोहीम आलीच नाही असे मी समजेन.

असे का म्हणतो ते सांगतो. भर पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, तुंगभद्रा, मलप्रभा आणि घटप्रभा या तिन्ही नद्या भरून वाहतात. ज्याची सारी ताकद हलक्या घोडदळात आहे त्याला नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडता येण्याजोगी उथळ जागा, लागतो. उतार बंद झाला की हजारो घोडी, बैल, बायकामुले आणि तोफा एका काठाला अडकून पडतात. पायदळाला काठावर थांबून होड्या बांधता येतात, वेगावर जगणाऱ्या फौजेला इतका वेळ थांबून चालत नाही. वेलस्लीने त्याच वर्षाच्या शेवटी मराठी मुलखातल्या मोहिमांवर जे टिपण लिहिले त्यात नद्या भरलेल्या असतात तोच काळ आपल्याला सोयीचा, असा त्याचा निष्कर्ष होता. माझ्या समजुतीप्रमाणे हा धडा त्याला मलप्रभेच्या काठी मिळाला. पण हाच पाऊस त्याच्याही मुळावर येत होता. काळ्या रानात तोफेचे चाक तुंब्यापर्यंत रुतते, बैल बसतात आणि दाणागोटा मागे राहतो.

म्हणून आम्ही खेळाचे दोन थर केले आहेत. वरचा थर नकाशावर चालतो. त्यात एक पाळी म्हणजे एक दिवस. दोन्ही बाजूंनी आपापले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचे आणि समोरच्याची फौज कुठे आहे हे प्रत्यक्ष गाठ पडेपर्यंत कोणालाच दिसणार नाही. रोज सकाळी पंच पावसाचा फासा टाकेल, त्याने प्रत्येक नदीची पातळी ठरेल. पातळ्या तीनच आहेत : उतार आहे, फक्त होडी चालेल, काहीच चालणार नाही. गाठ पडली की खालचा थर, म्हणजे टेबल, सुरू होतो.

आणखी एक पान आम्ही खेळात ठेवले आहे, त्याचे नाव ‘कौल’. फौजेला धान्य पुरवणारे लमाण बैलांचे तांडे घेऊन दोन्हीकडे फिरत असत. मनोळीच्या मारानंतर जवळच्या एका तांड्याने वेलस्लीकडे अभयाची मागणी केली, तेव्हा त्याने आपल्या इंग्रजी पत्रात ‘कौल’ हाच आपला शब्द वापरला आहे. तांडा फिरला की धोंडजीचे धान्य कमी होते आणि वेलस्लीचे वाढते. एकही स्वार न मरता मोहीम इतकी झुकू शकते, हे खेळणाऱ्याच्या अंगाला कळले पाहिजे.

अडचणी तीन आहेत आणि त्यांसाठीच हा धागा काढला. पहिली नदीची. गेल्या पावसाळ्यात मी थर्माकोलमध्ये पात्र कोरून त्यात पॉलिएस्टर रेझिन ओतले. रेझिनने थर्माकोल अक्षरशः खाऊन टाकला, सकाळी पाहतो तर दोन्ही काठ खचून मधोमध काळपट गोळा झाला होता. तीन महिन्यांचे काम गेले. दुसरी अडचण सैनिकांची, कारण धोंडजीच्या फौजेचे तयार साचे मला कुठेही मिळाले नाहीत. तिसरी जागांच्या नावांची. जाणकारांनी कृपया लिहावे.

नंदगडकर

विषय आवडला. तरी मनात आलेला प्रश्न विचारतो, राग मानू नये. आपल्या भागाची मोहीम करायचीच तर कित्तूर का नाही? २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यासमोर धारवाडचा कलेक्टर थॅकरे पडला, डिसेंबरात इंग्रजांनी मोठी फौज आणून किल्ला घेतला आणि राणी चन्नम्मांना बैलहोंगलात कैदेत ठेवले. त्यांच्या संगोळी रायण्णांना १८३१ च्या जानेवारीत आमच्या नंदगडात फाशी दिले, तिथला वड आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. धोंडजी वाघाने तर याच मुलखात लूटमार केली. त्याला पटावर आणून आपण काय साधणार आहोत?

मलप्रभाकाठ

राग कशाचा, प्रश्न योग्यच आहे. कित्तूरची हकिकत आपल्याकडे शाळेतल्या पोराला ठाऊक असते आणि ती तशीच राहावी. रायण्णांची लढाई मात्र रात्रीच्या छाप्यांची आणि कचेऱ्या जाळण्याची आहे. ती टेबलापेक्षा नकाशावर अधिक चांगली खेळता येईल आणि आमचा वरचा थर नीट बसला तर तोच तिच्यासाठी वापरण्याचा विचार आहे.

धोंडजीचा गौरव करण्याचा हेतू नाही, तसा वेलस्लीचाही नाही. मला ओढ वाटते ती या गोष्टीची की एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्या नद्यांच्या काठी टिपूचे मोडलेले स्वार, पेशव्यांचे सरदार, पटवर्धनांची पथके, निजामाची फौज आणि इंग्रज असे सगळे एकत्र आले. अठरा वर्षांनी कोण कोणाविरुद्ध उभा राहणार हे तेव्हा त्यांतल्या कोणालाही दिसत नव्हते. बापू गोखल्यांची पथके पटावर इंग्रजांच्या बाजूला ठेवताना हात थांबतो, आणि तो थांबावा असेच मला वाटते.

सौंदत्तीवाट

नावांपुरते मी सांगू शकतो. नोकरीनिमित्त अकरा वर्षे सौंदत्ती तालुक्यात काढली असून हा रस्ता मोटारसायकलवरून कितीतरी वेळा तुडवला आहे.

वेलस्लीच्या पत्रांत गावांची नावे कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. ‘सूनदूती’ म्हणजे सौंदत्ती हे कोणीही ओळखेल. ‘मनौली’ म्हणजे आपली मनोळी, आजच्या पाटीवरची मुनवळ्ळी. ‘अल्लगावाडी’ म्हणजे नवलगुंदकडची अळगवाडी. सगळ्यांत फसवे नाव ‘हूगरगूर’ हे आहे. ते परसगडाच्या डोंगराच्या पूर्वेला असल्याचे तो लिहितो, आणि त्या जागी उभे राहिले की दुसरे कोणते गावच मनात येत नाही, ते उगरगोळ. यल्लम्माच्या डोंगराला गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते.

आता ३० जुलैची वाट लक्षात येईल. २९ तारखेला तो अळगवाडीला मुक्कामाला होता आणि निजामाच्या बाजूने येणाऱ्या कर्नल बाउझरच्या तुकडीची वाट पाहणार होता. वेलस्ली जवळ आल्याचे कळताच धोंडजीने सौंदत्तीचा तळ मोडला, फौज फोडली, काही भाग दोडवाडकडे पाठवला आणि सामानसुमान मनोळीला नदीपार करायला घेतले. वेलस्ली बाउझरसाठी थांबला नाही. सकाळी निघून उगरगोळला आला, तिथे धोंडजीचे सामान मनोळीसमोर असल्याची बातमी लागली आणि तसाच पुढे सुटला. अळगवाडी ते मनोळी हे अंतर तो २६ मैल देतो, म्हणजे चाळीस किलोमीटरांहून थोडे जास्त. श्रावणातल्या चिखलात पायदळाने ते एका दिवसात काटले. घोडदळ तीन वाजता तळावर पोचले तेव्हा पायदळाची काय अवस्था असेल ते ज्याने त्या काळ्या रानात जुलैमध्ये चप्पल घालून चार पावले टाकली आहेत त्याला सांगायला नको. दर पावलाला तळव्याखाली शेर-शेर माती चिकटते, ती झाडावी तर पुढच्या पावलाला पुन्हा तितकीच.

म्हणून तुमच्या पटाबद्दल एक विनंती आहे. जमीन तांबडी रंगवू नका. आपण बेळगाव-खानापूरकडची माणसे डोळे मिटून तांबडी माती करतो, किल्ल्याची माती तीच असते ना! मनोळीची माती काळी आहे, ओली झाली की जवळजवळ कोळशासारखी दिसते. नदी मात्र काळी नको. मलप्रभा उगवते कणकुंबीला, तिथून खानापूरची तांबडी माती घेऊन ती खाली येते, त्यामुळे पुराचे पाणी दुधाच्या चहासारखे दिसते आणि काळ्या काठांमधून ते जाताना दोन्ही रंग वेगळे उठून दिसतात.

आणखी एक सांगायचे राहिले. नवीलतीर्थाचे धरण झाल्यापासून मनोळीपाशी नदी धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालते. उन्हाळ्यात जाऊन पात्र मोजले तर १८०० चा अंदाज चुकेल. मोजायचेच असेल तर २०१९ च्या ऑगस्टातल्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते काठच्या लोकांना विचारावे, ते बोटाने भिंतीवरची रेघ दाखवतात.

उद्यमबाग

साच्यांबद्दल लिहितो. माझे आयुष्य फौंड्रीत पॅटर्न करण्यात गेले आहे. आपण ओततो ते बीड, त्याच्यासाठी भट्टी लागते आणि वाळूचा साचा लागतो. तुमच्या दीड सेंटिमीटरच्या स्वाराला यातले काहीही लागत नाही. कथील २३२ अंशांना वितळते, घरच्या शेगडीवरच्या लोखंडी पळीत ते होते. शिशाची भेसळ केली तर आणखी लवकर, १८३ अंशांपर्यंत, पण शिसे वापरू नका. घरात मुले असतील तर मुळीच नको. कथील महाग पडते हे खरे, पण स्वार हाताळायला पोरेच पुढे येणार आहेत.

मूळ नमुना एक चांगला करा. आतला सांगाडा तांब्याच्या तारेचा, वरचे अंग एम-सीलचे. तयार मिळणारा १५ मिलिमीटरचा मराठा स्वार घेऊन त्याचे पागोटे बदलले, ढाल पाठीवर टाकली, भाला लांब केला तरी अर्धे काम होते. धोंडजीच्या फौजेत एकसारखा गणवेश असण्याचे कारण नाही, तेव्हा चार-पाच वेगवेगळे नमुने केले आणि घोडी निराळ्या रंगांची ठेवली की शंभर स्वारांत दोन सारखे दिसणार नाहीत.

साचा सिलिकॉन रबरचा, दोन फाळक्यांचा घ्या. आमच्याकडे नवीन पोरगा नेहमी एकच चूक करतो, धातू आत कसा जाईल याचा विचार करतो आणि हवा बाहेर कशी येईल याचा करत नाही. भाल्याचे टोक, घोड्याचा कान आणि शेपूट या तीन ठिकाणी हवा अडकते आणि ओतीव अर्धवट येते. त्या प्रत्येक टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत ब्लेडने केसाइतकी बारीक रेघ ओढा. ओतण्याआधी साच्यावर टाल्कम पावडर मारून झटकून टाका. पहिल्या चार-पाच ओतण्या वाया जातील कारण साचा थंड असतो, त्या पुन्हा पळीत टाका. साचा तापला की मग एकामागून एक स्वार स्वच्छ येऊ लागतात, घोड्याच्या आयाळीचे केससुद्धा उठतात.

तुमच्या घरी जमत नसेल तर एखाद्या रविवारी माझ्याकडे या, शेगडी आणि पळी आहे.

खडेबाजार

इतिहासाचे तुम्ही पाहा, मी हिशेबाचे बोलतो. पटाचे प्रमाण आधी ठरवले नाही तर सैनिक १५ मिलिमीटर उंचीचे घ्यायचे की ६ मिलिमीटरचे हा प्रश्न सुटणार नाही.

एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर धरा. सहा फुटी टेबल म्हणजे १.८ किलोमीटर झाले. खेळासाठी एका रेजिमेंटमध्ये ३६० स्वार धरू. दोन रांगांत उभे केले तर १८० घोडी शेजारी शेजारी, घोड्याला मीटरभर जागा, म्हणजे रेजिमेंटची लांबी पटावर १८ सेंटिमीटर. कोनगलच्या चार रेजिमेंटी आणि मधली अंतरे मिळून रांग साधारण ७८ सेंटिमीटर होते. टेबलाच्या निम्म्याहून कमी.

या १८ सेंटिमीटरांत २८ मिलिमीटरचे घोडे फक्त सात मावतात. ती रेजिमेंट वाटतच नाही. १५ मिलिमीटरचे चौदा आणि ६ मिलिमीटरचे बावीस मावतात. ६ मिलिमीटरच्या दोन रांगा केल्या तर ४४ स्वार, म्हणजे पटावरचा एक स्वार खरे आठ. समोरचे पाच हजार याच प्रमाणात सव्वासहाशे होतील. १५ मिलिमीटरमध्ये एक स्वार तेराचा पडतो आणि धोंडजीचे सुमारे ३८५ लागतील.

कोनगल दिसायला हवी ती लांबलचक पातळ रांग म्हणूनच, आणि ती ६ मिलिमीटरमध्येच दिसेल. मनोळीत मात्र तळ, तंबू, बैल, नाव अशा जवळून पाहण्याच्या गोष्टी आहेत, तिथे १५ मिलिमीटर योग्य. दोन लढायांना दोन मापे ठेवण्यात काहीही चूक नाही. वरचा थर कागदावर आहे, त्याला माप विचारत नाही.

मलप्रभाकाठ

खडेबाजार, हा तिढा आम्ही सहा महिने घोळवत होतो. दोन मापांची तोड मान्य आहे. उद्यमबाग काका, येत्या रविवारी नमुना घेऊन येतो.

कणकुंबी

मी स्वतः खेळत नाही, माझा भाऊ खेळतो. हा धागा त्याच्या सांगण्यावरून वाचला आणि एका जागी अडले. तळावर बायकामुले होती असे तुम्ही लिहिले आहे. तीन वाजता घोडदळ त्या तळात शिरले आणि माणसे नदीत ढकलली गेली. पटावर त्या बायका कुठे आहेत? त्या नसतील तर लढाई खोटी होते, आणि असतील तर फासे टाकून त्यांना बुडवायचे का? आम्ही त्या नदीच्या उगमाकडची माणसे, त्यामुळे हे अधिक जाणवले.

मलप्रभाकाठ

ताई, या प्रश्नाबद्दल आभार. आमच्यात यावर बोलणे झाले होते, पण नीट निर्णय झाला नव्हता. तुमच्या लिहिण्यानंतर चौघे पुन्हा बसलो.

वेलस्ली स्वतः लिहितो की तळात जे कोणी होते त्यांना नदीत लोटले किंवा मारले, एक हत्ती, कित्येक उंट, अगणित घोडी आणि बैल हाती लागले आणि कुटुंबे, बायकामुलेही. बाबर जंग नावाचा धोंडजीचा सरदार चिलखत चढवून घोड्यावर बसला आणि घोडा नदीत घातला, तो बुडाला. तशीच गत आणखी अनेकांची झाली. पत्र दुसऱ्या दिवशीचे आहे आणि त्यात पश्चात्तापाचा शब्द नाही. कोनगलनंतर मात्र धोंडजीचा चारेक वर्षांचा मुलगा सलाबत खान सामानात सापडला तेव्हा वेलस्लीने त्याला आपल्या तंबूत आणले, त्याचा सांभाळ केला आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. तो मुलगा पुढे म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत राहिला आणि १८२२ मध्ये पटकीने वारला. एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आम्ही असे ठरवले आहे. तळाचे बेस, म्हणजे आकृत्या चिकटवलेल्या लहान पट्ट्या, पटावर राहतील आणि त्यांवर माणसे असतील : चुलीपाशी बसलेली बाई, बैल सोडणारा म्हातारा, गाडीखालचे पोर. त्यांच्यावर कोणताही फासा पडणार नाही आणि त्यांच्या मरणाचे गुण कोणालाही मिळणार नाहीत. घोडदळाचा बेस तळाला भिडला की वेलस्लीकडून खेळणाऱ्याला लगामाची, म्हणजे स्वार आवरता येतात की नाही याची, चाचणी द्यावी लागेल. ती चुकली तर तो बेस खेळ संपेपर्यंत तळातच अडकतो, पुढे नदीवरच्या तोफांकडे जाऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूला धोंडजीकडून खेळणाऱ्याने प्रत्येक पाळीत ठरवायचे आहे की उपलब्ध नावेतून तोफ पार करायची की तळाचा एक बेस. दोन्ही एका खेपेत जाणार नाहीत. तोफांची निवड खऱ्या इतिहासात झाली, हल्ला आला तेव्हा त्या पलीकडे पोचलेल्या होत्या आणि माणसे अलीकडेच होती. आमच्या खेळणाऱ्याला ती निवड दर वेळी स्वतःच्या तोंडाने मोठ्याने सांगावी लागेल.

कणकुंबी

हे पटले. गाडीखालचे पोर मी करून देईन. मातीत करते, साच्याचे मला जमत नाही. खानापूरची माती भाजून घट्ट होते.

मलप्रभाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. मधल्या काळात उद्यमबाग काकांच्या शेगडीवर ६४ स्वार ओतले गेले आणि हवेच्या रेघांची युक्ती तंतोतंत खरी ठरली. भाल्याची टोके आता तुटकी येत नाहीत. नदीचे काम नव्याने केले. थर्माकोल पूर्ण सोडला, सहा मिलिमीटरच्या एमडीएफवर पात्र रंगवले, त्यावर टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून चुरगाळून बसवला म्हणजे लाटा उठतात, वाळल्यावर गेरूचा, मातकट आणि थोड्या पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि शेवटी चकचकीत वॉर्निशचे चार थर चढवले. रेझिनपेक्षा स्वस्त आणि पावसाळ्यातही दोन दिवसांत वाळते. सौंदत्तीवाट यांनी सांगितलेला दुधाच्या चहाचा रंग तिसऱ्या प्रयत्नात साधला. रुंदी वीस सेंटिमीटर ठेवली आहे. काठाला खरी काळी माती लावली, भावाने मनोळीहूनच पिशवीभर आणली होती, चाळून, भाजून, फेविकॉलवर टाकली.

काल रात्री मनोळीची पहिली चाचणी खेळलो. सुरुवात दुपारी तीनला, एक पाळी वीस मिनिटांची, अंधार पडेपर्यंत बारा पाळ्या. धोंडजीकडे नंदगडकर होते. ते आले याचा मला विशेष आनंद झाला. त्यांनी पहिल्या तीन खेपांत तळाची माणसे पार केली आणि तोफा अलीकडे ठेवल्या, म्हणजे इतिहासाच्या बरोबर उलट. त्यामुळे चौथ्या पाळीला घोडदळ आले तेव्हा तोफा काठावरच होत्या आणि वेलस्लीचा पहिला बेस तळाऐवजी थेट तोफांवर आला. दोन तोफा त्याने लगेच घेतल्या. उरलेल्या चार गडबडीत नावेने जाऊ लागल्या, तोवर वेलस्लीच्या दोन बेसांची लगामाची चाचणी चुकली आणि ते तळात अडकले. पायदळ दहाव्या पाळीला टेबलाच्या कडेला उमटले, तेही थकव्याच्या खुणेसह, आणि त्याला काहीच करता आले नाही.

खऱ्या संध्याकाळीही पायदळाचे असेच झाले होते. पलीकडच्या तोफा या काठावरून तोफा डागून निकामी करण्याचा प्रयत्न वेलस्लीने केला, पण अंधारत आले होते, माणसे थकली होती, एक-दोन पडली आणि त्याने आपल्या तोफा मागे घेतल्या. त्यानंतर इंग्रजांकडचे काही जण पुरात पोहत पलीकडे गेले, तिकडची नाव घेऊन आले आणि त्या नावेने माणसे पाठवून पलीकडच्या सहा तोफा ताब्यात आणल्या. त्या तोफा वेलस्लीने मराठ्यांना देऊन टाकल्या.

या पोहणाऱ्यांचा नियम आमच्याकडे नव्हता. काल अकराव्या पाळीला वेलस्लीकडून खेळणाऱ्याने विचारले की माझ्या स्वारांनी घोडी सोडून पोहत जावे का, तेव्हा पंचाकडे उत्तर नव्हते आणि खेळ तिथेच थांबवावा लागला. आता एका बेसवर चार पोहणारी माणसे करायची आहेत, डोकी आणि हात तेवढे पाण्याबाहेर. पुराची पातळी ‘काहीच चालणार नाही’ अशी असली तरी त्यांना जाता यावे, मात्र फाशावर निम्मे परत यावेत, असा कच्चा नियम मी लिहिला आहे. निम्मे हे फार होतात की कमी, याचा अंदाज ज्यांनी जुलैत मलप्रभेला पोहणारी माणसे पाहिली आहेत त्यांनी द्यावा. पुढची चाचणी रविवारी संध्याकाळी आहे, कणकुंबी ताईंनी भाजलेले पोर त्या दिवशी गाडीखाली बसेल.

सौंदत्तीवाट

सरळ पलीकडे कोणी पोहत नाही. काठाने वर अर्धा मैल चालत जातात, तिथून उडी टाकतात आणि प्रवाहाने खाली येत येत तिरके लागतात. तुमच्या चार माणसांना आधी काठाने टेबलाच्या वरच्या कडेपर्यंत चालवा. तिथपर्यंत जो सुखरूप पोचला तो बहुधा पलीकडे लागतो.